नवतप्यातली चिठ्ठी

२८ मे २०१८ हा नवतप्यातला दिवस. झाडीपट्टीत त्या दिवसांत भर दुपारी कुणी उगाच घराबाहेर पडत नाही. पण त्या दिवशी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक होती. नाना पटोले यांनी डिसेंबर २०१७मध्ये खासदारकीचा राजीनामा दिल्यामुळे ती लागली होती. माझ्या केंद्रावरचे यंत्र नीट चालले, मी मत देऊन घरी आलो. दुपारनंतर मात्र ठिकठिकाणी व्हीव्हीपॅट बंद पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. शेवटी ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. मधल्या काळात गोंदियाच्या जिल्हाधिकाऱ्यांची बदलीही झाली. त्याच दिवशी उत्तर प्रदेशातल्या कैराना मतदारसंघात हाच प्रकार घडला. तिथे ७३ केंद्रांवर पुन्हा मतदान झाले.

मी संगणक शिकवणारा माणूस. राजकीय आरोप-प्रत्यारोपांपेक्षा मला दुसराच प्रश्न छळत होता : यंत्र नेमके कशाने अडले?

पहिला संशय अर्थातच उन्हावर गेला. पण जुलै २०११मध्ये व्हीव्हीपॅटची पहिली चाचणी घेताना मुद्दाम टोकाच्या हवामानाची ठिकाणे निवडली होती : लेह, जैसलमेर, चेरापुंजी, तिरुअनंतपुरम आणि पूर्व दिल्ली. जैसलमेरला टिकलेले यंत्र गोंदियाला का हरावे? पुढे निवडणूक आयोगाकडून जो खुलासा आला, त्यात उष्म्यापेक्षा उजेडाला अधिक दोष होता. चिठ्ठी नीट छापली गेली की नाही हे यंत्रातला एक प्रकाशसंवेदक पाहतो. त्याच्यावर बाहेरचा प्रखर उजेड पडला की तो गोंधळतो, आणि गोंधळला की यंत्र पुढे जायला नकार देते. हवेतला दमटपणा शोषून कागद मऊ पडणे हे दुसरे कारण. खेड्यातल्या शाळेची खोली डोळ्यांसमोर आणा : उजेडासाठी टेबल खिडकीपाशीच सरकवले जाणार!

इथली मेख वेगळीच आहे. मूळ मतदानयंत्रात छपाई नव्हतीच. १९८२ साली केरळातल्या परावूर मतदारसंघात ५० केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले, तेव्हा बटण आणि मोजणी एवढाच त्याचा संसार होता. २०१०मध्ये हरी प्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप खोंगराइप यांनी अशा एका यंत्रात फेरफार करून दाखवला. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून गेलेले होते, आणि त्यावरून हरी प्रसाद यांना अटकही झाली. संशय वाढला, ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुरावा आवश्यक ठरवला. मतदाराला ७ सेकंद दिसणारी चिठ्ठी आली; तिच्याबरोबर रोल आला, संवेदक आला, कातरी आली. विश्वासासाठी जे जोडले, तेच उन्हाउजेडाला सर्वांत हळवे निघाले.

याच सुमारास मुक्त स्रोताच्या जगातही एक अपघात झाला होता. ऑक्टोबर २०१७मध्ये आलेल्या उबुंटू १७.१० या लिनक्स प्रणालीतल्या इंटेलच्या एका ड्रायव्हरमुळे लेनोव्होच्या कित्येक लॅपटॉपचे बायोस बिघडले. सेटिंग बदलली तरी जतन होईना. डिसेंबरात ती प्रणाली डाउनलोडवरून काढून घ्यावी लागली. गंमत अशी, की त्या चिपवर भलतेच काही लिहिले तर संगणक सुरूच होणार नाही, असा इशारा ड्रायव्हरच्या सोबत आधीपासून लिहिलेला होता. सर्वांना दिसत होता. वाचला कुणी नाही. तेव्हा उघडेपणाने चूक टळते, असे मी म्हणणार नाही. पण दोष कुठल्या ड्रायव्हरचा हे जगभर कुणालाही तपासता आले, आणि जानेवारीत तो वगळून नवी प्रत निघाली.

आपल्या मतदानयंत्राला हा मार्ग बंद आहे, आणि तो जाणूनबुजून बंद केला आहे. त्याच्या चिपमधला प्रोग्राम एकदाच लिहिता येतो, यंत्र जाळ्याला जोडलेले नसते. बदलता येत नाही म्हणून बिघडवताही येत नाही, हा त्यामागचा हिशेब. मला तो पटतो. मात्र त्याचा प्रोग्राम वाचायलाही मिळत नाही, हे पटत नाही. लिहिण्याला कुलूप लावणे आणि वाचण्याला कुलूप लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण दोन्हींना एकच किल्ली लावली. गोंदियाच्या मतदाराला कारण कळले ते यंत्रातून नव्हे, दिल्लीच्या खुलाशातून. शिवाय चिन्हे व्हीव्हीपॅटमध्ये भरायला बाहेरचे उपकरण जोडावेच लागते. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही उपकरणे निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवायला सांगितले, तेव्हा त्या फटीची दखल घेतली गेली.

पोटनिवडणुकीचा निकाल ३१ मे रोजी लागला. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे निवडून आले. संवेदकावर झाकण बसवायचे आणि दमट हवेत न भिजणारा कागद वापरायचा, असे पुढे ठरले. ११ एप्रिल २०१९ रोजी आमच्याकडे पुन्हा मतदान झाले. या वेळी खोलीत शिरल्यावर मी आधी खिडकी कुठे आहे ते पाहिले, मग यंत्र.