एका लोंबीचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील केशोरी हे झाडीपट्टीतील एक गाव. हा सारा मुलूख तळ्यांचा, बोड्यांचा आणि धानाचा. येथील शेतकऱ्यास वनस्पतिशास्त्राचे ग्रंथ लाभले नाहीत. परंतु कोणत्या भूमीस कोणते बीज मानवते, हे ज्ञान त्याच्यापाशी पिढ्यानुपिढ्या चालत आले. उंचवट्यावरच्या बांधीतील पाणी लवकर ओसरते, म्हणून तेथे लवकर पिकणारे हलके धान. सखल, ओल धरणाऱ्या बांधीत उशिरा पिकणारे भारी धान. वनस्पती आणि परिसर यांच्या संबंधाचे हे शास्त्रच होय.

विद्यालयांतील अनुवंशशास्त्र त्या मानाने तरुण. मेंडेलचा वाटाण्यावरील निबंध १८६६ साली छापला गेला, आणि १९०० पर्यंत बहुतेक उपेक्षितच राहिला. १९०३ साली डेन्मार्कच्या योहान्सेनने शुद्ध वंशाचा सिद्धांत मांडला. स्वतःच्याच परागाने फळणाऱ्या शुद्ध रोपाची संतती त्याच्यासारखीच निपजते, हे त्याचे सार. धानाचे फूल बहुधा असेच फळते. म्हणूनच एखादे निराळे रोप हेरून दरसाल जपले, तर काही पिढ्यांत नवा वाण स्थिर होतो.

याचे ठळक उदाहरण झाडीपट्टीतच घडले. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली ‘पटेल-३’ या धानाच्या उभ्या पिकात त्यांस काही निराळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या राखल्या, वर्षानुवर्षे वेगळ्या पेरल्या आणि बारीक दाण्याचा वाण सिद्ध केला. त्यास त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले. पुढे १९९८ साली कृषी विद्यापीठाचा ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला. धान दूरदूर पोचले. शोधकाचे दारिद्र्य मात्र फिटले नाही. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले.

२००१ च्या कायद्याने वाण निर्माण करणाऱ्या शेतकऱ्याचा हक्क मान्य केला, हे योग्यच झाले. परंतु प्रश्न केवळ मानधनाचा नाही. निवड करावयास आधी वैविध्य हवे. शेजारच्या छत्तीसगडात डॉ. रिछारिया यांनी धानाचे सुमारे १९,००० नमुने गोळा केले, ते याच जाणिवेने. एकच वाण सर्वत्र पसरला, तर उद्याच्या रोगास वा अवर्षणास तोंड देणारी लोंबी कोणत्या बांधीत शोधावयाची? ती शोधणारे डोळे आजही शेतावर आहेत. त्यांच्यापुढे नानाविध धान उभे राहिले पाहिजे.