नावाचा सातबारा



गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या गटाचा काळा मसाला सहा वर्षं एकाच नावाने विकला जातो. आठवडी बाजारात एक ताई म्हणाल्या, "या खेपेला तुमच्या मसाल्याला चव नव्हती गं." पाकीट बघितलं, तर नाव आमचं आणि आत मसाला दुसऱ्याचाच! एका व्यापाऱ्याने आमचं नाव छापून घेतलं होतं. जाब विचारायला गेलो, तर म्हणाला, "नाव काय तुमच्या सातबाऱ्यावर चढलंय का?" तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर शोधता शोधता एका बाटलीचा इतिहास हाती लागला. तो आज सांगतो.

ही बाटली कोका-कोलाची. १८८६ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जॉन पेंबर्टन नावाच्या औषधवाल्याने हे पेय बनवलं. पाच सेंटला एक पेला. नाव सुचवलं त्याचा हिशेब बघणाऱ्या फ्रँक रॉबिन्सनने, आणि ती वळणदार अक्षरंही त्यानेच काढली. पेंबर्टन आजारी होता, पैशाची ओढाताण होती. त्याने आपले हक्क थोडे थोडे करून विकून टाकले आणि १८८८ मध्ये तो वारला. असा ग्रिग्ज कँडलर नावाच्या व्यापाऱ्याने ते सगळे हक्क गोळा केले. १८९१ पर्यंत त्याचे त्यात सुमारे २,३०० डॉलर गेले. पुढे १९१९ साली ती कंपनी विकली गेली अडीच कोटी डॉलरला. ज्याच्या हातची चव होती, त्याच्या घरी यातलं काही गेलं नाही.

कँडलरने केलं काय? पहिलं म्हणजे नाव सांभाळलं. १८९३ मध्येच त्याने कोका-कोला हे नाव सरकारदरबारी नोंदवलं. पेय खपू लागलं तशा नकला निघाल्या. 'कोक' असं मिळतंजुळतं नाव लावून विकणाऱ्या एका कंपनीशी खटला चालला. १९२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोका-कोलाच्या बाजूने निकाल दिला.

दुसरं, रीत झाकून ठेवली. तुम्ही म्हणाल, पेटंट का नाही घेतलं? पेटंट घ्यायचं तर रीत सरकारला लिहून द्यावी लागते, ती जगाला दिसते आणि मुदत संपली की कुणीही वापरू शकतो. आपल्याकडे ही मुदत २० वर्षांची आहे. गुपिताला मुदत नसते, पण ते एकदा फुटलं की परत झाकता येत नाही. कँडलर डब्यांवरची लेबलं काढून टाकायचा, म्हणजे कामगारांनाही कळू नये कशात काय आहे. १९१९ मध्ये ही रीत कागदावर उतरवली गेली. कंपनी विकत घेणाऱ्यांनी कर्ज काढलं, तेव्हा तारण म्हणून तो कागद न्यूयॉर्कच्या बँकेत ठेवला. आपण सोनं तारण ठेवतो, त्यांनी पाककृती ठेवली! आणि बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांना कंपनी तयार पाक द्यायची, कृती नाही.

तिसरं, रूप. १९१५ साली त्यांनी काचवाल्यांना सांगितलं, अंधारात हात लावला तरी ओळखू यावी, फुटून तुकडे पडले तरी कळावी अशी बाटली करा. त्या आकाराचीही नोंद झाली.

यात आपल्याकडचाही एक अध्याय आहे. १९७७ मध्ये जनता पक्षाचं सरकार आलं. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. परदेशी कंपनीने आपला हिस्सा कमी करून ४० टक्क्यांवर आणावा आणि कृतीही भारतीय कंपनीच्या हाती द्यावी, असा सरकारचा आग्रह होता. कंपनीने एवढी मोठी बाजारपेठ सोडली, कृती सोडली नाही. त्याच साली मुंबईच्या पारले कंपनीने थम्स अप काढलं आणि लोकांना ते आवडलं. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली तेव्हा तिने थम्स अप हे नावच विकत घेतलं. पेय बनवता तिलाही येत होतं. पण लोकांच्या तोंडात बसलेलं नाव कारखान्यात बनत नाही.

आता आपल्याकडे वळू. पाकिटावर घटक छापावेच लागतात. पण मिरची किती, खोबरं किती, दगडफूल कधी टाकायचं आणि किती भाजायचं, हे गटाचं धन आहे. ते प्रशिक्षणाच्या फोटोत किंवा व्हॉट्सअॅपवर जाऊ देऊ नका. कांडपाला देताना सगळं एकत्र करूनच द्या. नावाची नोंदणी, म्हणजे ट्रेडमार्क, ऑनलाइन करता येते. लहान उद्योगाला एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये आहे. मसाला, पापड एका वर्गात येतात, लोणचं दुसऱ्या. नोंदणी १० वर्षं चालते, मग नूतनीकरण करत राहायचं. अर्जाआधी तेच नाव कुणी घेतलंय का, ते तपासा. नोंदणी नसेल तरी जुना वापर दाखवून दाद मागता येते, म्हणून पहिली पाकिटं, बिलं, प्रदर्शनाच्या पावत्या जपून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्जात मालक म्हणून कुणाचं नाव जातंय ते दहाही जणींनी बघा. पाकिटं छापून देणाऱ्याचं नको, माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याचं नको, एकट्या सचिव ताईंचंही नको. नाहीतर पेंबर्टनसारखी गत. चव आपली आणि धनी दुसराच.

आमच्या गटाने जुनी बिलं गोळा केली, बैठकीत ठराव घेतला आणि गेल्या महिन्यात अर्ज भरला. अजून निकाल यायचाय. पण पुढच्या बाजारी तो व्यापारी भेटला, तर सातबाऱ्याचं उत्तर आता आमच्याकडे आहे.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या.