आशा पुथली: मुंबईत दार नव्हतं, म्हणून दुनियेचं दार वाजवलं

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत ऐकताय, की कशेडीच्या बोगद्यात रेंज गेली म्हणून आता पुन्हा प्ले दाबलंय? कुठेही असा, हेडफोन नीट लावा. आजचा भाग इतिहासाचा आहे, पण त्यात तलवार नाही. सिंथेसायझर आहे.

आपल्याकडे गणपतीत बँजो पार्टी येते. कीबोर्ड असतो, ऑक्टापॅड असतो, मोठे स्पीकर असतात. शेजारच्याच वाडीत खालू बाजा वाजत असतो आणि रात्री जाखडीचा फेर धरला जातो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज आपल्याला नवा नाही. नवं आहे ते एवढंच, की आता वाडीतला एखादा पोरगा किंवा पोरगी मोबाईलवर बीट बनवते, त्यावर स्वतः गाते आणि म्हणते, "मला हेच करायचंय. आणि फक्त महाड-पोलादपुरात नाही, बाहेर जगात करायचंय." घरचे विचारतात, "पोट भरेल का?" प्रश्न चुकीचा नाहीये. त्याचं उत्तर शोधायला आपण मागे जाऊ.

आपलं गाणं दूरच्या लोकांनी ऐकावं, ही इच्छा काही आजची नाही. पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. 'शिवभारत' लिहिणारे ते हेच. त्यांनी शिवाजी महाराजांचं चरित्र संस्कृतात रचलं, आणि काव्याची मांडणी अशी केली की काशीचे पंडित विचारतात आणि कवी सांगतो. संस्कृतात लिहिलं की ऐकणारा फक्त सह्याद्रीतला राहत नव्हता, हिंदुस्थानभरचा होत होता. १६६६ च्या आग्रा प्रकरणात परमानंदही उत्तरेत होते, आणि मोगलांनी त्यांना दौशाजवळ अडकवल्याची नोंद त्या वेळच्या राजस्थानी पत्रांत सापडते. दूरवर नाव न्यायचं तर जोखीम होती, पण पाठीशी राजा होता. पोटाची काळजी दरबार करत होता.

आता तीनशे वर्षं पुढे या. राजे गेले, दरबार गेले. मग गायकाच्या पाठीशी कोण? सिनेमा आणि रेकॉर्ड कंपनी.

साठच्या दशकातली मुंबई डोळ्यांसमोर आणा. मोठ्या हॉटेलांत जॅझ वाजायचा. वाजवणाऱ्यांत पुष्कळ जण गोव्याचे होते. चिक चॉकलेट नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड, असे जबरदस्त लोक. पण नुसत्या जॅझवर घर चालत नव्हतं, म्हणून ते दिवसा हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गाण्याच्या धंद्यात सिनेमाचाच जोर होता, आणि रेकॉर्डच्या बाजारावर एकाच मोठ्या कंपनीचं राज्य होतं. सिनेमाबाहेर, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ढंगाचं पॉप गाणाऱ्या बाईसाठी दार जवळजवळ नव्हतंच.

या मुंबईत आशा पुथली वाढल्या. 'आशा' म्हटलं की आपल्या तोंडी भोसलेच येणार, साहजिक आहे. या आशा वेगळ्या. जन्म १९४५ चा, मुंबईचा. पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे त्या शास्त्रीय गाणं शिकल्या, आणि दुसरीकडे रेडिओवर जॅझ ऐकून त्याच्या प्रेमात पडल्या. मुंबईत त्या जॅझ गायच्या. लेखक वेद मेहता यांनी १९७० साली आलेल्या आपल्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या पुस्तकात मुंबईच्या जॅझबद्दल लिहिताना त्यांच्याबद्दलही लिहिलं.

पण पुस्तकात नाव येणं म्हणजे रेकॉर्ड निघणं नव्हे. बाहेर जायचं कसं? तेव्हा परदेशप्रवास म्हणजे श्रीमंतांचा खेळ, आणि परकीय चलनही सरकार मोजून देणार. आशाताईंनी दोन वाटा वापरल्या. त्या ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरी झाल्या, आणि न्यूयॉर्कच्या मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती मिळवली. म्हणजे गायिका व्हायचं म्हणून आधी नोकरी, मग नाच, आणि मग माईक. आपल्याकडचे चाकरमानी हेच करत आलेत की! दिवसा गिरणी, रात्री भजन नाहीतर नमन. कला सोडायची नाही, पण पोटाची सोय आधी.

न्यूयॉर्कमध्ये त्यांचा आवाज जॉन हॅमंड यांच्या कानावर पडला. हे हॅमंड म्हणजे बिली हॉलिडे आणि बॉब डिलन यांना पुढे आणणारे. त्यांच्यामुळे आशाताई ऑर्नेट कोलमन यांच्यापर्यंत पोहोचल्या. कोलमन म्हणजे 'फ्री जॅझ'चा बाप माणूस. त्यांच्या संगीतात पाश्चात्त्य गाण्यासारखा खाली कॉर्डचा आधार नसतो, गायकाने आपला सूर स्वतःच सांभाळायचा. अनेकांना तिथे घाम फुटला असता. पण तंबोऱ्यावर तासन्‌तास रियाज केलेल्या गळ्याला एकट्याने सूर धरायची सवय असते. १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'सायन्स फिक्शन' या अल्बममधली दोन गाणी आशाताईंनी गायली. हा अल्बम आजही जॅझच्या महत्त्वाच्या अल्बममध्ये मोजला जातो.

इथे जरा थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. परदेशात त्यांना उभं केलं ते घरी शिकलेल्या गोष्टीने. अमेरिकन गायिकेसारखं हुबेहूब गाणाऱ्या तिथे हजारो होत्या. हा गळा मात्र तिथे कुणाकडे नव्हता.

मग युरोप. सीबीएस कंपनीसाठी १९७३ साली त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला, निर्माते डेल न्यूमन. आणि १९७६ मध्ये आला 'द डेव्हिल इज लूज'. हा जर्मनीत झाला, निर्माते डीटर झिमरमान. यातलं 'स्पेस टॉक' हे गाणं आत्ता जाऊन ऐका. म्हणजे हा भाग संपल्यावर! संथ, गुळगुळीत बीट, अंतराळात तरंगल्यासारखे आवाज आणि त्यावर कुजबुजल्यासारखा गळा. आज आपण ज्याला इलेक्ट्रो-पॉप म्हणतो, त्याची चाहूल त्यात लागते. डोना समरचं 'आय फील लव्ह', ज्याने सिंथेसायझरचा डान्स जगभर नेला, ते यानंतर एक वर्षाने, १९७७ मध्ये आलं. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो यांच्या 'द लॉफ्ट' नावाच्या पार्ट्यांत 'स्पेस टॉक' लोकांचं आवडतं झालं.

आता याच काळातला एक योगायोग ऐका. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, पृथ्वीवरच्या आवाजांची. भारतातून त्यात एकच गाणं आहे: केसरबाई केरकरांची भैरवी. केसरबाई गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. यान सुटलं त्याच सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. एक कोकणी बाई, जिचा आवाज आज सूर्यमालेच्या पार टोकाला गेलाय, आणि दुसरी मुंबईची बाई, जिने जर्मनीत बसून अंतराळाचं गाणं केलं. केसरबाईंची निवड एका अमेरिकन संगीत अभ्यासकाच्या शिफारशीने झाली. आशाताईंना निवडलं न्यूयॉर्कच्या डीजेंनी. दोन्ही वेळा 'हे भारी आहे' असं मोठ्याने म्हणणारा माणूस बाहेरचा होता. आपण आपल्या कानांवर विश्वास का ठेवत नाही, हा प्रश्न मला तिथे टोचतो.

यश मिळालं म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. ऐंशीच्या दशकात आशाताई या बाजारापासून जवळजवळ बाजूला झाल्या. डिस्कोची लाट ओसरली होती. भारतात तर त्यांचं नाव घरोघरी कधी पोहोचलंच नव्हतं. मग १९९७ मध्ये अमेरिकन रॅपर नॉटोरियस बी.आय.जी. यांचा 'लाइफ आफ्टर डेथ' अल्बम आला. त्यातल्या एका गाण्यात 'स्पेस टॉक'चा तुकडा वापरला होता. यालाच सॅम्पल म्हणतात. एकवीस वर्षांपूर्वीचं गाणं नव्या पोरांच्या कानात शिरलं, आणि रेकॉर्ड शोधणारे विचारू लागले, ही बाई कोण?

२००६ मध्ये आशाताई न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पुन्हा स्टेजवर आल्या. पुढे जुनी गाणी नव्याने छापली गेली, रिमिक्स निघाले. आणि २०२४ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात गायल्या.

असंच चरणजित सिंग यांचं झालं. मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडच्या मशिन घेऊन दहा रागांवर डिस्कोचा अल्बम केला. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये तो युरोपात पुन्हा निघाला, आणि जगाला कळलं की शिकागोत 'ॲसिड हाउस' जन्मण्याआधीच मुंबईत जवळपास तसाच आवाज निघाला होता. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना परदेशातली स्टेजं मिळाली. २०१५ मध्ये ते गेले.

म्हणजे काय, चांगलं काम करा आणि तीस वर्षं थांबा? नाही हो! एवढी वाट कुणी का बघावी? या गोष्टींतून घ्यायचं ते वेगळं आहे. गाणं लोकांपर्यंत पोहोचायला कधीकधी पिढी जाते, आणि ते पोहोचतं तेव्हा पैसा जातो तो कागदावर ज्याचं नाव आहे त्याला.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालकी असतात, हे पक्कं डोक्यात ठेवा. एक, शब्द आणि चाल यांची. दुसरी, ध्वनिमुद्रणाची, म्हणजे स्टुडिओत किंवा मोबाईलवर तयार झालेल्या त्या फाइलची. कुणाला तुमच्या गाण्याचं सॅम्पल रीतसर वापरायचं असेल तर दोन्हीची परवानगी लागते. जुन्या काळी स्टुडिओ, टेप, कारखाना, दुकान सगळं कंपनीचं असायचं, म्हणून ध्वनिमुद्रणही सहसा कंपनीचंच. आज फाइल तुमच्या फोनमध्ये आहे. म्हणजे मालकी सुरुवातीलाच तुमच्याकडे आहे, आणि ती तुम्ही एका सहीत घालवू शकता.

आपल्याकडे हे रोज घडतं. कुणीतरी येतो, म्हणतो, "गाणं मस्त आहे, आमच्या चॅनेलवर टाकू, पाच हजार घे." पोरगं खूश. पुढे गाणं लग्नाच्या हळदीत, रीलमध्ये, सगळीकडे वाजतं आणि पोराला छदाम मिळत नाही. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारतासाठी धरतात. २०१२ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनी करारात लिहून घेऊन काढून घेऊ शकत नाही. चरणजितजींनी अल्बम केला तेव्हा यातलं शेवटचं संरक्षण नव्हतं. तुम्हाला आहे. सही करण्याआधी करार वाचा, 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द शोधा.

आणि परदेश? आता तिथे पोहोचायला हवाई सुंदरी व्हावं लागत नाही. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे अस्सल मराठी बोलीतलं हाउस गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सपर्यंत गेलं. इंग्रजीचा मुखवटा न घालता! आशाताईंना १९७३ मध्ये इंग्रजीत गावं लागलं, कारण तिथल्या कंपनीला तोच बाजार माहीत होता. आज बर्लिनमधला ऐकणारा शब्द न कळताही नाचतो. अर्थात दार उघडं असलं तरी गर्दी प्रचंड आहे. पूर्वी अडचण रेकॉर्ड निघण्याची होती, आता निघालेल्या लाखो गाण्यांत दिसण्याची आहे. त्यामुळे "पोट भरेल का?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एवढंच: नुसत्या ऐकण्याच्या आकड्यांवर बहुतेकांचं भरत नाही. कार्यक्रम, शिकवणं, दुसऱ्यांसाठी बीट बनवणं, आणि बरीच वर्षं एखादी नोकरी, हे सगळं जोडावं लागतं. नोकरी करताय म्हणून तुम्ही कमी कलाकार ठरत नाही. आशा पुथलींनी विमानात चहा दिला आणि मग ऑर्नेट कोलमनबरोबर गायल्या.

म्हणून पोलादपूर, महाड, वाकण, बिरवाडी, जिथे कुठे हे ऐकत असाल तिथे एक काम आज करा. आजोबांना जाखडीच्या चाली येतात ना? गावात कुणी सनई, टिमकी वाजवतं ना? मोबाईलवर नीट रेकॉर्ड करून ठेवा, गाणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून, त्यांना विचारून. तुमचा आवाज जगात वेगळा ठरवणारं जे काही आहे ते बहुधा तिथेच असेल, कुठल्याही ॲपच्या तयार बीटमध्ये नाही. आणि हो, त्यातून गाणं केलंत तर क्रेडिटमध्ये त्यांचं नाव टाका. आपण कंपन्यांकडून जे मागतो, ते आपण आपल्या माणसांना आधी द्यायला हवं.

चला, आता 'स्पेस टॉक' ऐका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!