जिभेची सनद

गाणे कळण्यासाठी गाता आलेच पाहिजे, असे आपण कधी मानले नाही. तानसेन होता आले नाही तरी कानसेन होता येते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मैफलीत पुढच्या जाजमावर बसलेला एखादा कापडदुकानदार नेमक्या जागेला दाद देतो आणि गवई त्याच्याकडे पाहून मान तुकवतो. या दुकानदाराने गाण्याची कोणती परीक्षा दिली आहे, असे त्याला कोणी विचारीत नाही. पण हाच गृहस्थ उद्या त्या मैफलीवर चार ओळी लिहू लागला, आणि त्या वाचून लोक तिकीट काढू लागले किंवा काढीनासे झाले, म्हणजे मात्र विचारणा होते : हा कोण? याला हा अधिकार दिला कोणी?

ही विचारणा वाइनच्या बाबतीत जितक्या चुरशीने झाली, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाच्या बाबतीत झाली असेल. दिवाळीच्या फराळाशेजारी वाइनचा विषय काढला म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत. द्राक्षासवाची बाटली आपल्या आजीच्या फडताळातही असे; आणि मी काही वाचकांना पेला भरावयास सांगत नाही. मला सांगावयाची आहे ती पारखण्याची कथा. शिवाय या कथेत एका माणसाच्या जिभेवर दुसऱ्या माणसाचे वर्षभराचे कष्ट टांगलेले असतात, तेव्हा ती केवळ शौकिनांची गोष्ट उरत नाही.

वाइनची अडचण अशी की बूच निघेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही, आणि बूच निघाले की ती बाटली परत करता येत नाही. एकाच जातीची द्राक्षे, पण टेकडीच्या या उतारावरची वेगळी आणि त्या उतारावरची वेगळी. एकच मळा, पण यंदाचा पाऊस वेगळा आणि गेल्या सालचा वेगळा. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतात तर वाइन पिंपात मुरत असतानाच तिचे सौदे होतात. बाटलीत भरलेला माल गिऱ्हाइकाच्या हाती पुढे दीड-दोन वर्षांनी पडतो. अशा व्यवहारात कोणाच्या तरी शब्दावर विसंबावेच लागते. तो शब्द कोणाचा असावा, एवढाच काय तो वाद.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर १८५५ साली दिले गेले. तिसऱ्या नेपोलियन बादशहाने पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरवले होते. त्यासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने वाइनच्या दलालांकडे मळ्यांची प्रतवारी मागितली. दलालांनी पंधरवड्याच्या आत, १८ एप्रिल रोजी, यादी हातात ठेवली. तांबड्या वाइनचे पाच वर्ग पाडलेले होते. आता वाचकाला वाटेल, बसले असतील बिचारे पेले मांडून! तसे काही झाले नाही. दलालांनी आपल्या चोपड्या उघडल्या, कोणत्या मळ्याच्या मालाला आजवर काय भाव मिळत आला ते पाहिले, आणि त्या भावाप्रमाणे वर्ग पाडले. पुरवणीत एक नाव वाढले आणि १९७३ साली रोथशिल्ड घराण्यातल्या एका मळ्याला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात बढती मिळाली. हे वगळता मळ्यांच्या वर्गांत आजतागायत बदल झालेला नाही. ज्याला भाव जास्त तो पहिल्या वर्गात, आणि पहिल्या वर्गात म्हणून त्याला भाव जास्त. पाटलाचा मुलगा म्हणून पहिल्या बाकावर, आणि पहिल्या बाकावर म्हणून हुशार, अशातला हा प्रकार झाला.

तरी दलालांना हसण्याचे कारण नाही. त्यांचे ज्ञान खरे होते, धंद्यात केस पांढरे करून मिळवलेले होते. उणे होते ते एवढेच की माल जोखणारा आणि मालावर दलाली घेणारा एकच होता. पुढेही दीर्घकाळ असेच चालले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीत वाइनवर विपुल लिहिणारे आंद्रे सिमों हे विद्वान गृहस्थ; पण लंडनमध्ये एका शँपेनच्या पेढीचे ते अनेक वर्षे प्रतिनिधी होते. लेखणी आणि तराजू एकाच हातात असणे यात त्या काळी कोणाला वावगे वाटत नसे.

हौशी माणसाचा आवाज त्याच सुमारास उठला, तोही एका मास्तराचा. जॉर्ज सेंट्सबरी हे एडिंबरा विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते. १९२० साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आपल्या तळघरातल्या बाटल्यांच्या आठवणींचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना काही विकावयाचे नव्हते. आपल्या पैशाने घेतले, मित्रांसोबत प्यायले आणि जे आवडले ते लिहिले, इतका सरळ मामला. या पुस्तकाचा बोलबाला एवढा झाला की १९३१ साली सिमों यांनी पुढाकार घेऊन सेंट्सबरींच्या नावाने एक मंडळच स्थापन केले. व्यापाऱ्याने हौशी प्राध्यापकाला दिलेली ही दादच होती.

पुढे धंद्याने आपली परीक्षाही काढली. १९५३ साली लंडनला ‘मास्टर ऑफ वाइन’ या पदवीची पहिली परीक्षा झाली. परीक्षा विलक्षण कठीण. लेखी उत्तरे तर आहेतच, शिवाय नाव न सांगता समोर ठेवलेल्या वाइन चाखून त्या कोठल्या, कशाच्या आणि कोणत्या दर्जाच्या ते लिहावयाचे. पण हे दार अनेक वर्षे फक्त धंद्यातल्या माणसांना उघडे होते. धंद्याबाहेरची पहिली व्यक्ती ती परीक्षा उतरली १९८४ साली. जॅन्सिस रॉबिन्सन या त्या लेखिका. म्हणजे नुसत्या लेखणीवर जगणाऱ्या माणसाला सनद मिळावयास तीस वर्षांवर काळ जावा लागला.

दरम्यान पॅरिसमध्ये एक प्रकार घडला आणि साऱ्या सनदांची लाज निघाली. स्टीव्हन स्परिअर नावाचा एक इंग्रज तेथे वाइनचे दुकान चालवीत असे. २४ मे १९७६ रोजी त्याने एका हॉटेलात नऊ फ्रेंच परीक्षक बोलावले. सगळे नामांकित : मोठ्या खानावळींचे मालक, बरगंडीतल्या सर्वांत मानाच्या मळ्याचे एक भागीदार, सरकारी निरीक्षक, वाइनच्या मासिकाच्या संपादिका. त्यांच्यापुढे फ्रान्सच्या उत्तमोत्तम वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या नवख्या वाइन एकत्र ठेवल्या, पण नावे झाकून. गुण विसांपैकी. हॉटेलात बातमीदार एकच आला होता, ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर. त्यांच्यापाशी पेल्यांच्या क्रमाची यादी असल्याने खरा प्रकार त्यांना तत्काळ कळत होता. रेमों ऑलिव्हेर या थोर बल्लवाचार्यांनी एक पांढरी वाइन चाखली आणि आता कसे फ्रान्सला परत आल्यासारखे वाटले, असा उद्गार काढला. ती वाइन कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातली होती!

निकाल लागला तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाचा ‘शॅटो माँटेलीना’ पहिला आला आणि तांबड्यात तिथलाच ‘स्टॅग्ज लीप’, थोडक्या फरकाने, पण पहिला. संपादिकाबाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली; ती मिळाली नाही. आणि हे विजेते होते कोण? माँटेलीनाचे मालक मुळात वकील. वाइन करणारे ग्रिगिच क्रोएशियातून नशीब काढावयास आलेले. स्टॅग्ज लीपचे वॉरन विनिआर्स्की शिकागो विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे. त्यांच्या वेली १९७० साली लावलेल्या, म्हणजे द्राक्षे तोडली तेव्हा जेमतेम तीन वर्षांच्या. त्या दोन्ही वाइनची एकेक बाटली आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे.

पण या प्रसंगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्या दिवशी परीक्षक अडाणी ठरले असे मला वाटत नाही. चांगली वाइन त्यांनी चांगली म्हणूनच ओळखली. चकली ती त्यांची आधीची समजूत. चिठ्ठी झाकली तेव्हा त्यांची जीभ खरे बोलली, एवढेच.

दोन वर्षांनी, १९७८ साली, अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा एक तरुण वकील या आखाड्यात उतरला. रॉबर्ट पार्कर त्याचे नाव. १९६७ साली फ्रान्समध्ये शिकणाऱ्या आपल्या प्रेयसीला भेटावयास गेला असता त्याला वाइनची गोडी लागली. सनद म्हणाल तर कायद्याची होती, वाइनची कोणतीच नव्हती. त्याने दर दोन महिन्यांनी निघणारे एक पत्र काढले. नियम कडक : जाहिरात घ्यावयाची नाही, वाचकाच्या वर्गणीवर चालवावयाचे. त्याने गुण दिले ते पन्नासपासून शंभरपर्यंत. आम्हा मास्तरांना मौज वाटावी अशी ही पद्धत. कोऱ्या पेपरालाही पन्नास! पण सामान्य गिऱ्हाइकाला ती चटकन कळली. १९८२ सालच्या बोर्दोवर रॉबर्ट फिनिगन यांच्यासारख्या नाणावलेल्या टीकाकाराने नाक मुरडले, ही वाइन फार मऊ आहे, टिकावयाची नाही म्हणून. पार्करने लिहिले की हे साल थोर आहे. पुढे वर्षे लोटली, बुचे निघाली, आणि पार्करचे म्हणणे खरे ठरले. १९८४ साली त्याने वकिली सोडली.

हौशी माणसाचा एवढा मोठा विजय दुसरा नसेल. आणि नेमकी येथेच कथा वळण घेते. पार्करचे गुण बाहेर पडल्याखेरीज भाव ठरवू नयेत, अशी वेळ बोर्दोच्या मळेवाल्यांवर आली. त्याला गडद, भरदार वाइन आवडते म्हणून तशीच करण्याकडे कित्येकांचा कल झाला, अशी ओरड होऊ लागली. आडातले पोहऱ्यात येण्याऐवजी पोहरा पाहून आडातले पाणी बदलू लागले! २००४ साली ‘पावी’ नावाच्या मळ्याच्या २००३ सालच्या वाइनला पार्करने डोक्यावर घेतले, तर रॉबिन्सनबाईंनी तिला विसांपैकी बारा गुण दिले. वाद जगभर गाजला. एक पदवीधर, एक बिनपदवीचा. दोघेही प्रामाणिक, आणि पेला एकच.

मग जीभ भरवशाची आहे तरी किती? हेही कोणी तरी तपासावयास हवे होते. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला तांबडा रंग घालून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे ठेवली. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन केले ते तांबड्या वाइनच्या शब्दांत. डोळ्यांनी पाहिले आणि नाकाने मान डोलावली. पुढे कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन या गृहस्थांनी परीक्षकांचीच परीक्षा घेतली. ते समुद्रशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि एका लहानशा वाइनरीचे मालक. एका वर्षी बक्षीस मिळालेली आपली वाइन दुसरीकडे नापास का होते, हे कोडे त्यांना सुटत नव्हते. २००५ पासून राज्यस्पर्धेच्या अनुमतीने त्यांनी एकाच बाटलीतली वाइन त्याच परीक्षकापुढे नकळत तीनदा ठेवली. दर दहांत साधारण एकच परीक्षक आपल्या मताला धरून राहिला. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ज्याने रात्री उशिरापर्यंत तपासला आहे, त्याला याचे फार नवल वाटणार नाही. कौतुक वाटेल ते आपल्या परीक्षकांना असे तपासू देणाऱ्या स्पर्धेचे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आज जगात ज्याच्या हाती पेला आणि लेखणी आहे असा कोणीही वाइनवर मत देतो. त्याच्यावर विश्वास ठेवावा काय? माझ्या मते तो हौशी आहे की धंदेवाईक, हे विचारून उत्तर मिळणार नाही. विचारावयाचे ते हे. बाटलीचे पैसे कोणी दिले? चाखताना चिठ्ठी झाकलेली होती काय? का आवडली, हे दुसऱ्याला पडताळता येईल असे सांगितले आहे काय? आणि पाच वर्षांपूर्वी दिलेले मत तो आज आपण होऊन पुढे ठेवतो, की दडवतो? या चार प्रश्नांना सेंट्सबरींचा पहिला गुण चांगला, तरुण पार्करचे तीन चांगले, आणि १८५५ च्या दलालांना पहिल्यालाच अडखळावे लागते. बिनसनदी माणसाला यात एक सवलत आहे आणि एक धोका. त्याला कोणाचे मिंधे असण्याचे कारण नसते, ही सवलत. चुकला तर त्याच्यावर पोट अवलंबून नसते, हा धोका. पोट भरते ते, किंवा भरत नाही ते, मळेवाल्याचे.

हे आपल्यापासून फार दूरचे नाही. नारायणगाव, नाशिक, अकलूज येथल्या द्राक्षांची वाइन होऊ लागली. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या एका वाइनरीत काही इटालियन आणि काही मराठी भावांची भागीदारी. म्हणून तिचे नावच इटालियन भाषेत ‘भाऊ’ या अर्थाचे, फ्रातेल्ली. तिथल्या एका वाइनला ‘एम. एस.’ ही अक्षरे मिळाली आहेत. त्यांतला ‘एम’ म्हणजे इटलीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी, आणि ‘एस’ म्हणजे १९७६ साली पॅरिसमध्ये बाटल्यांची नावे झाकणारा तोच स्टीव्हन स्परिअर. तो २०२१ साली वारला. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या द्राक्षावर त्याने आपले आद्याक्षर घातले, तेव्हा त्याने देशाचे नाव पाहिले नसणार. पाहिले असते तर पॅरिसचा धडा तोच पहिला विसरला असे म्हणावे लागले असते.

अकलूजच्या शेतकऱ्याला पन्नास गुण फुकट नकोत, आणि भारतातली म्हणून कोणी मुरडलेले नाकही नको. त्याला हवा आहे तो चिठ्ठी झाकून चाखणारा माणूस. तो लंडनचा पदवीधर असो की आपल्या गल्लीतला कापडदुकानदार, जिभेची सनद त्याला प्रत्येक बुचाबरोबर नव्याने काढावी लागेल.