फ्लुओरोसंट प्रतिपिंडे : रोगप्रतिकारक पेशींतील संदेशवहनाचा अभ्यास

फ्लुओरोसंट प्रतिपिंडे म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी आणि प्रकाश देणारा रंगरेणू जोडलेली प्रतिपिंडे. फ्लो सायटोमीटर या यंत्रात पेशी एकेक करून लेसरसमोरून जातात. रंगरेणू किती उजळला यावरून त्या पेशीत ते प्रथिन किती आहे हे कळते. प्रतिपिंडाला असा रंग जोडण्याची पद्धत आल्बर्ट कून्स व सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये दाखवली. कोलर व मिलस्टाइन यांच्या १९७५ च्या मोनोक्लोनल तंत्राने ही प्रतिपिंडे एकसारखी व हवी तेवढी मिळू लागली.

सीडी४ सारखी खूण पेशीच्या पृष्ठभागावर असते. संदेश मात्र आत धावतो. इंटरल्यूकिन-६ हा संदेशरेणू पेशीच्या ग्राहीला भिडला की स्टॅट३ या प्रथिनाला फॉस्फेट लागतो. इंटरल्यूकिन-२ ने स्टॅट५ ला. फॉस्फेट लागलेले रूपच ओळखणारे प्रतिपिंड आत पोचवण्यासाठी पेशी आधी फॉर्माल्डिहाइडने स्थिर करतात, मग मिथेनॉलने तिचे पटल सच्छिद्र करतात. मिथेनॉलने फायकोएरिथ्रिनसारखे प्रथिनरंग निकामी होतात, म्हणून अशा प्रतिपिंडांना ॲलेक्सा फ्लुओर ६४७ सारखे टिकाऊ रंग जोडलेले बरे.

भंडारा जिल्ह्यात या तंत्राची खरी कसोटी लागते ती वेळेशी. सीडी४ मोजायचे रक्त दुसऱ्या दिवशी तपासले तरी चालते. फॉस्फेटची खूण काही मिनिटांत पुसली जाऊ शकते. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. तेवढ्या प्रवासात नमुना तसाच गाडीत ठेवला, तर यंत्र कितीही महागडे असो, रुग्णाच्या शरीरात चाललेला संदेश हाती लागत नाही. रक्त काढल्या जागीच पेशी स्थिर करणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. कॅल्शियमचा संदेश पाहायचा असेल तर जिवंत पेशीच लागतात, आणि नळी हेपॅरिनची हवी, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून टाकते.

पूर्व विदर्भात सिकलसेल आजार आढळतो. त्यात न्यूट्रोफिल व मोनोसाइट पेशी चिथावलेल्या असतात, त्यामुळे हा अभ्यास येथे महत्त्वाचा. पण सिकलसेल रुग्णाच्या काही लाल पेशी त्यांना फोडणाऱ्या द्रावणाला दाद देत नाहीत आणि पांढऱ्या पेशींच्या मोजणीत घुसतात. पांढऱ्या पेशींच्या सीडी४५ खुणेचे प्रतिपिंड लावून त्या वेगळ्या काढाव्या लागतात. गर्भीय हिमोग्लोबिन असलेल्या लाल पेशीही अशाच रंगीत प्रतिपिंडांनी मोजता येतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने त्या पेशी वाढल्या का, हे त्यावरून कळते.