लंका आमच्याच लायनीवर

ज्या गोष्टीचा शेवट सगळ्या गावाला पाठ आहे, ती पुन्हा ऐकायला माणसं कंदील घेऊन का येतात, हे कोडं मला माकुणसारला लहानपणीच पडलं. आमच्या वाडीत चातुर्मासात तात्या पोथी वाचत. पोथी श्रीधराची, ‘रामविजय’, १७०३ सालची. म्हणजे ‘यंदा नवीन काय?’ हा प्रश्नच नव्हता. तरी रावण गोसाव्याच्या वेषात आला की बायका ‘अगो, बाहेर नको गो येऊ!’ म्हणून सीतेला दरसाल बजावत. सीता ऐकत नसे.

पडद्यावर तर याहून मजा. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढलं, त्यात राम अण्णा साळुंके आणि सीताही अण्णा साळुंकेच! बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या, म्हणून १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामतीही हेच झाले होते. मूळचे खाणावळीतले. एकाच माणसाचा विरह एकाच माणसाने सोसायचा, तरी लोकांना तो खरा वाटला. पुढे १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर गदिमा आणि बाबूजींचं ‘गीतरामायण’ आलं, छप्पन्न गाणी. तिथे तर बघायलाही काही नव्हतं. माणसांनी राम ज्याचा त्याने घरून आणला.

मग २५ जानेवारी १९८७ ला रामानंद सागरांचं ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊला वाडीतल्या एकुलत्या टीव्हीला हार, समोर उदबत्ती, दारात चपलांचा ढीग आणि कौलांवर अँटेना फिरवणारा एक पोरगा. या पोराला अठ्ठ्याहत्तर भागांतलं नुसतं ऐकू आलं. रामाची खरी सेवा त्याने केली, असं माझं मत आहे.

आणि चित्रीकरण कुठे? उंबरगावला! केळवे रोडला गाडीत बसा, डहाणू, घोलवड मागे टाका, की लंका. उंबरगाव १९६० पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, मग गुजरातेत गेलं. तेव्हा लंकेला जायला समुद्र नाही, राज्याची हद्द ओलांडावी लागे. सेतूऐवजी पास.

पंचाईत झाली ती तात्यांची. पोथीला माणसं येत, पण मध्येच म्हणत, ‘तात्या, टीव्हीवर असं नव्हतं हो.’ चाळीस वर्षं ज्याने राम सांगितला, त्याला आता पोरं दुरुस्त करू लागली! तात्या पोथी मिटून बसले. टीव्ही बघायलाही येईनात. शेवटी कुणीतरी त्यांना ओढून आणलं. आधाराला घेतलेल्या ग्रंथांच्या नामावळीत नाथांचं ‘भावार्थ रामायण’ आलं, तेव्हा तात्या पुढे सरकून बसले. ‘आपला माणूस आहे,’ म्हणाले. त्या रात्री पोथी पुन्हा उघडली. मात्र अट घातली : मध्ये बोलायचं ते सीतेशी, वाचणाऱ्याशी नाही.

२०२० च्या मार्चमध्ये गाड्या बंद पडल्या आणि तेच ‘रामायण’ पुन्हा लागलं. १६ एप्रिलच्या एका भागाला सात कोटींहून अधिक प्रेक्षक होते, असं दूरदर्शनने सांगितलं. तात्या आता नाहीत. त्यांचा पणतू विचारत होता, ‘दोन बाण हवेत इतका वेळ एकमेकांकडे बघतात कशाला?’ आणि रावण दाराशी आला तशी काकू फोडणी टाकता टाकता ओरडली, ‘अगो, बाहेर नको गो येऊ!’