‘आर्य’ शब्दाचा प्रवास

‘आर्यिका’ हा शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे. दीक्षित साध्वीसाठी योजिलेल्या या शब्दाच्या मुळाशी असलेला ‘आर्य’ म्हणजे आदरणीय, सदाचारी. प्रज्ञापनासूत्रात आर्यांचे प्रकार सांगताना जाति-कुलाबरोबरच कर्म, शिल्प, भाषा, ज्ञान, दर्शन व चारित्र हेही आधार मानले आहेत. शिल्प-आर्यांत विणकर व शिंपीही येतात.

सन १७८६ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एकच असावे, असा विचार मांडला. पुढे त्या भाषाकुलास युरोपीय पंडितांनी ‘आर्य’ हे नाव दिले आणि तेच नाव रक्तालाही चिकटले. मॅक्समुल्लर यांनी १८८८ मध्ये या गल्लतीचा निषेध केला. परंतु विपर्यास थांबला नाही. जर्मनीत १९३३ साली ‘अनार्य’ ठरवून ज्यूंना सरकारी नोकरीतून दूर केले गेले. पुढे सुमारे ६० लाख ज्यूंचा संहार झाला.

ज्यांनी १९५६ साली आपल्या नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ च्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात, आर्यवंशाच्या सिद्धांतास वेदांत आधार नाही, असे साधार प्रतिपादिले होते.

शब्द दूषित होतो तो वापरणाऱ्यांमुळे. आर्यत्व जन्माने मिरवावयाचे नसून आचरणाने सिद्ध करावयाचे असते, एवढे भान आपण पुढील पिढीस द्यावे.